पंचायतीच्या संगणकातली विहीर

तुमच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड नाही, हे मला आजवर इतक्या लोकांनी इतक्या काळजीच्या सुरात सांगितलं आहे की ऐकणाऱ्याला वाटावं, मला काही आजारच जडला आहे. पहिल्यांदा ते धुळ्याला ऐकलं. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी जमिनीचे चढउतार त्रिमितीत दाखवणारं सॉफ्टवेअर करायचं ठरवलं होतं. आमच्या लॅबमधले संगणक असे, की चालू करून खुशाल चहा पिऊन यावं. सरांनी माझा कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले की याला कार्ड लागतं, ते आपल्याकडे नाही, तू लायब्ररीतल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं काहीतरी घे, मुलींना ते बरं जमतं. शेवटचं वाक्य त्यांनी उगाच जोडलं. जोडलं नसतं तर मी कदाचित गुपचूप पुस्तकांची नोंद ठेवली असती.

कार्ड म्हणजे काय, तर चित्र काढण्याची मेहनत करणारा वेगळा गडी. पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि कुठल्या ठिपक्याला कुठला रंग द्यायचा हे तो गडी चुटकीसरशी उरकतो. गडी नसेल तर ते काम मुख्य प्रोसेसरने स्वतः करायचं, आणि कसं करायचं हे मी ओळ अन् ओळ लिहून त्याला शिकवायचं. पुढचा डोंगर मागच्या डोंगराला झाकतो, एवढी साधी गोष्टसुद्धा त्याला आपोआप कळत नाही. प्रत्येक ठिपक्यापाशी थांबून, इथे सगळ्यात जवळ कोण आहे, हे विचारायला लावावं लागतं. मी लावलं. पहिलं चित्र उमटायला अकरा मिनिटं लागली. तोंडी परीक्षेच्या दिवशी चार सेकंदांत उमटलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की कार्ड कुठलं वापरलंत, तेव्हा मी सरांकडे बघितलं आणि सर खिडकीबाहेर बघत होते.

पुढे जळगावला दुकानांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली, पिंप्राळ्यात दोन खोल्यांचं घर झालं. ठिपके रंगवायचा नाद मात्र सुटला नाही. जेवणाच्या सुट्टीत मी ते काम करत बसायची. सहकारी हसायचे, की जगात एवढी कार्डं मिळतात आणि ही बाई अजून हाताने दळते आहे. मी म्हणायची, पीठ तर पडतंय ना.

माझं माहेर पाचोऱ्याच्या पुढे, मोठ्या रस्त्यापासून आत. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांशी मला अजून बोलायचं आहे. ओढ्याच्या अलीकडे गाव, पलीकडे आमची बौद्ध वस्ती, आणि जमीन दोन्हीकडे जवळपास एकाच पातळीत. माझे वडील, ज्यांना मी आणि अख्खी वस्ती आबा म्हणते, आयुष्यभर विहिरी खोदत आले. तीन वर्षांपूर्वी गावाला पिण्याच्या पाण्याची एक सार्वजनिक विहीर मंजूर झाली. विहीर एक आणि जागा दोन: एक अलीकडे शाळेमागे, दुसरी पलीकडे वस्तीला लागून. विहीर शाळेमागे गेली असती तर वस्तीतल्या बायकांचं जे आधी चाललं होतं तेच पुढे चालणार होतं. हंडे घेऊन ओढा ओलांडायचा आणि अलीकडच्यांचं भरून होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. उभं राहा असं हल्ली कोणी तोंडाने म्हणत नाही, पण उभं राहावं लागतं. मी त्यात दहावीपर्यंत उभी राहिले आहे.

ग्रामसभेत शाखा अभियंत्यांनी कागद वाचून दाखवला. आपल्याकडे पाणी काळ्या पाषाणात नसतं, त्यावरच्या सच्छिद्र मांजऱ्या खडकात असतं. हा मांजऱ्याचा थर गावाकडे वर आहे आणि वस्तीकडे सात-आठ फूट खाली जातो, म्हणून विहीर शाळेमागेच योग्य, असा त्यांचा निष्कर्ष. मी त्या दिवशी रजा घेऊन आले होते. मी उठून विचारलं की हा थर कुठे कसा जातो ते आम्हाला दिसेल का. ते म्हणाले की जमिनीखालचं दिसत नसतं. मी म्हणाले की मी दाखवते.

सरपंचांनी एकच अट घातली. वर्षभरापूर्वी एक साहेब लॅपटॉप घेऊन आले होते आणि त्यांनी गावाला समाजमंदिराची रंगीत फिल्म दाखवली होती. त्यातलं कारंजं सोडाच, भिंतसुद्धा उभी राहिली नाही. तेव्हापासून गावाचा लॅपटॉपवरून विश्वास उडाला होता. घरून रंगवून आणलेलं चित्र चालणार नाही, असं सरपंच म्हणाले. जे काय दाखवायचं ते पंचायतीच्या संगणकावर, सगळ्यांसमोर, आणि लोक म्हणतील त्या बाजूने फिरवून. मला ती अट पटली. अजूनही पटते.

पंचायतीचा संगणक म्हणजे दाखले काढायचा डबा. त्यावर कापडी झाकण, झाकणावर खंडेनवमीचं कुंकू, आत कार्ड वगैरे काही नाही. तो सांभाळणाऱ्या परिचालक बाईंनी मला बजावलं की दाखल्यांच्या वेळेत हात लावायचा नाही, रविवारी या. मग मी रविवारी जाऊ लागले. अभियंता साहेब एकदा सहज डोकावले, माझं अर्धवट चित्र बघितलं आणि हसून म्हणाले, "या डब्यावर थ्रीडी? हे खेळणं आहे हो, मॅडम. यातून विहिरी ठरत नसतात." मी म्हटलं, "डबा पंचायतीचा आहे, साहेब. तुमचा कागदही याच डब्यावर टाइप झालाय."

राग मला कामाला फार उपयोगी पडतो. थर एकावर एक, वरचे थोडे पारदर्शक, म्हणजे वरून बघितलं तरी खालचा मांजऱ्या दिसावा, असं मला हवं होतं. प्रत्येक ठिपक्यातून जमिनीत एक काडी खुपसायची आणि ती कुठल्या कुठल्या थरातून जाते ते बघत रंग मिसळत जायचं. डब्याला ते झेपेना. मग मी हिशोब पूर्णांकांत आणला, जिथे थर बदलत नाहीत तिथे काडीला लांब उड्या मारायला लावल्या. चित्र फिरवताना जाडंभरडं दिसायचं आणि हात थांबला की डावीकडून उजवीकडे एकेक उभी पट्टी बारीक होत जायची. अख्ख्या चित्राला पाऊण मिनिट लागायचं. परिचालक बाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या की हे पडदा सरकल्यासारखं दिसतं. मला ते फारच आवडलं.

माहितीसाठी मी आणि आबा स्कूटरवर विहिरी हिंडलो. बहुतेक विहिरी आतून दगडांनी बांधलेल्या, म्हणजे थर डोळ्यांना दिसायची सोय नाही. खोदताना काय कुठे लागलं हे माणसांच्या आठवणीतच होतं. वस्तीकडच्या सगळ्या विहिरी आबांनी खोदलेल्या, त्यांना बोटावर पाठ. गावाकडच्या दुसऱ्या एका टोळीने खोदलेल्या, त्यांचं मालकांनी सांगितलं. विहिरीची खोली आमच्याकडे परसात सांगतात. काळी माती अर्धा परस, मुरूम दीड परस, मांजऱ्या चौथ्या परसाला, असं. मी वहीत लिहून घेत गेले. अभियंत्यांच्या कागदात एक परस म्हणजे साडेसात फूट असं धरलं होतं. गावाकडची एक विहीर टेपने मोजून त्यांनी तो आकडा काढला होता आणि तो बरोबरही होता. मीही तोच गुणाकार केला.

ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी सगळे आकडे भरले आणि चित्र उमटू दिलं. पट्टी पट्टी करत ते डावीकडून आलं. गावाखाली मांजऱ्या तीस फुटांवर, सरळ, लांब, पाटासारखा. ओढा आला आणि तिथे पायरी. मांजऱ्या साडेसात फूट खाली उतरला आणि वस्तीखाली साडेसदतीसावर पुन्हा सरळ चालू लागला. अभियंत्यांचा कागद जे म्हणत होता तेच मी दोन महिने खपून रंगवलं होतं.

मला रडू आलं, आणि परिचालक बाईंसमोर आलं याचा जास्त राग आला. आठवडाभर मी स्वतःचा प्रोग्राम फाडून बघितला. कार्ड असतं तर म्हणता आलं असतं की आतला गडी काय करतो ते आपल्याला काय ठाऊक. इथे एकेका ठिपक्याचा रंग मीच ठरवला होता. कुठेही चूक नव्हती. चित्र आकड्यांशी इमानदार होतं आणि आकडे आमच्या विरुद्ध होते.

एक गोष्ट लपवत नाही. ती पायरी मला एका ओळीत सपाट करता आली असती. दोन विहिरींच्या मधली जागा भरताना थोडं जास्त गुळगुळीत करायचं, एवढंच. अभियंत्यांना सात जन्मांत कळलं नसतं. ती ओळ मी लिहिली, चालवून बघितली, पायरीचा छान उतार झाला, आणि मग मी ती पुसली. मोठेपणा म्हणून नाही. वस्तीतली माणसं फसवून पाणी घेतात, असं म्हणायची संधी मला कोणालाही द्यायची नव्हती. आबांना मात्र काही सांगितलं नाही. त्या आठवड्यात त्यांचे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी म्हटलं की चित्र चांगलं झालंय.

ग्रामसभा भरली. टेबल दारासमोर ओढलं, म्हणजे बाहेर बसलेल्यांनाही पडदा दिसावा. वस्तीतल्या बायका एका बाजूला आल्या होत्या, माझ्याबरोबर हंडा घेऊन उभ्या राहिलेल्यांपैकी दोघी त्यात होत्या. मी चित्र सुरू केलं. लोकांनी सांगितलं, शाळेकडून दाखव, दाखवलं. ओढ्याकडून दाखव, तेही दाखवलं. डबा कुरकुरत का होईना सगळीकडून फिरला, आणि सगळीकडून ती पायरी दिसली. ज्या दोघी माझ्याकडे हसून बघत होत्या त्यांनी हळूहळू मान खाली घातली. अभियंता साहेब पुढे झाले आणि चक्क माझं कौतुक करू लागले. साध्या संगणकावर इतकं स्वच्छ काम त्यांनी पाहिलं नव्हतं, मुलगी हुशार आहे, आणि आता तर वस्तीच्याच लेकीने दाखवून दिलं, म्हणजे शंकेला जागा उरली नाही. आधी ते याला खेळणं म्हणाले होते, ते मला चाललं होतं. हे कौतुक मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

सरपंच ठरावाचं बोलायला लागले तेवढ्यात आबा दारातून आत आले. ते बुटके, तब्येतीने काटक. टेबलापाशी आले तरी पडदा बघायला त्यांना वाकावं लागत नाही. त्यांनी पायरीवर बोट ठेवलं आणि ती कशाची, ते आमच्या बोलीत विचारलं.

"हाई पायरी कसानी शे?"

मी खालच्या आवाजात सांगितलं, की मांजऱ्या तुमच्या विहिरींत पाचव्या परसाला लागला, गावाकडे चौथ्या परसाला, म्हणून.  आबा माझ्याकडे वळले.

"तू कोना परस धरा?"

कोणाचा परस, हा प्रश्नच मला कळला नाही. मी म्हटलं, परस म्हणजे परस, साडेसात फूट.

"आसं कसं?" आबा म्हणाले. "उच्चा मानूसना परस उच्चा. ईहीरमा मी उतरनू. मनाच हात वर करीसन मोजं."

 परस म्हणजे विहिरीच्या तळाशी दोन्ही हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. फूटपट्टी नाही, माणूस. गावाकडच्या विहिरी खोदणाऱ्या टोळीचा मुकादम ताडमाड होता, त्याला मीही लहानपणी पाहिलं होतं. वस्तीकडच्या विहिरींत उतरले होते माझे बुटके आबा. आणि मी, त्यांच्याच घरात वाढलेली, शिकलेली, ठिपक्याठिपक्याचा हिशोब ठेवणारी, त्या दोघांना एकाच आकड्याने गुणून मोकळी झाले होते.

मी उभी राहिले आणि म्हणाले की चूक माझी आहे, आणि हीच चूक साहेबांच्या कागदात आहे. वस्तीचा परस मोजलेलाच नाही. साहेब म्हणाले की असं ऐनवेळी आकडे बदलता येत नाहीत. मी म्हटलं, "बदलत नाही, साहेब. पहिल्यांदा मोजतोय. टेप तुमच्याच खिशात आहे."

आबा आपणहून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. चपला बाहेरच होत्या. त्यांनी दोन्ही हात वर केले, बोटं ताणली. साहेबांनी नाइलाजाने टेपचं खालचं टोक धरलं, परिचालक बाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. सहा फूट दोन इंच.

मी आकडा भरला. डब्याने काम सुरू केलं. ऑफिसात आणि बाहेर ओट्यावर मिळून निम्मा गाव होता. गावाकडच्या पट्ट्या आल्या, मांजऱ्या तीस फुटांवर. ओढा आला.  ओढ्यानंतरची पहिली पट्टी आली, दुसरी आली, आणि मांजऱ्या तसाच सरळ पुढे गेला. वस्तीखाली जेमतेम दहा इंच फरक. वस्तीच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

साहेबांनी हरकत काढली की म्हातारपणी माणूस वाकतो, खोदायच्या वयात यांची उंची जास्त असेल. हरकत वाजवी होती. मी दोन इंच वाढवून तिथल्या तिथे पुन्हा चित्र काढलं. वस्तीखालचा थर आणखी दहा इंच सरकला, पायरी काही आली नाही. त्यांनी तीन इंच सांगितले. तेही केलं. मी त्यांना म्हटलं की सांगा अजून, हा डबा थकत नाही. मग साहेबांनीच कबूल केलं, की आपल्या भागात हे थर आडवेच असतात, आणि पायरीचं त्यांनाही जरा नवल वाटलं होतं. नवल वाटलं होतं तर बोलले का नाहीत, हे मी विचारलं. 

थर दोन्हीकडे सारखा, म्हणजे शाळेमागेच विहीर हवी याला आता कारण उरलं नव्हतं, आणि हंडे घेऊन चालणारी माणसं सगळी पलीकडे होती. सरपंचांनी घसा साफ केला. ते म्हणाले की गोष्ट पटण्यासारखी आहे, तर पुढच्या सभेत विचार करू. पुढची सभा म्हणजे काय ते गावात सगळ्यांना माहीत होतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मागून आबांचा आवाज आला. आमचं सगळ्यांचं लक्ष पडद्याकडे होतं. आबा भिंतीपाशी तसेच उभे होते, दोन्ही हात वर.

"आठेच लिखा," ते म्हणाले, म्हणजे इथेच लिहा. "तवलोंग मी हात खाले करस नही."

 सरपंच म्हणाले की आबा, बसा, असं काय करता. आबा बसले नाहीत. आयुष्यभर पहार चालवलेले ते हात कोपरापाशी थरथरायला लागले होते. मी उठून त्यांच्याकडे गेले, हात धरायला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. वस्तीतल्या बायका उठून आत आल्या आणि भिंतीच्या कडेने त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. सरपंचांनी एकदा त्या रांगेकडे बघितलं, एकदा साहेबांकडे, आणि मग ग्रामसेवकांना म्हणाले की लिहा.

ग्रामसेवकांनी रजिस्टर उघडलं. जागा लिहिली, ओढ्यापलीकडे, वस्तीला लागून. थराची खोली लिहिली. मग त्यांनी पेन थांबवून मला विचारलं की परसाचं माप कुठलं म्हणून नोंदवू. मी म्हटलं, "सहा फूट दोन इंच. आणि कोणाचं तेही लिहा."

त्यांनी आबांचं नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, आणि सरपंचांच्या सांगण्यावरून अख्खा ठराव सभेला वाचून दाखवला. आपलं पूर्ण नाव ऐकून झाल्यावर आबांनी हात खाली घेतले.